इलेक्शनमधली आश्वासनं: कोणती खरी धरायची, कोणती ऐकून सोडून द्यायची?

मांजराकाठचा

मंडळी, काल तालुक्याला गेलो होतो आईच्या चष्म्यासाठी. नगरपालिकेच्या इलेक्शनचं वारं चालूय, एक रिक्षा गेली की दुसरी. पहिल्या रिक्षाच्या भोंग्यात "दररोज नळाला पाणी", लगेच मागच्या रिक्षात "चोवीस तास पाणी". म्हणजे पाच मिनिटात आमचं पाणी दररोजवरनं चोवीस तासावर गेलं आणि नळ तसाच कोरडा. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा बसलेला, तो म्हणला, "थांबा, तिसरी रिक्षा येऊ द्या, गरम पाणी बी देतेत बघा."

हसलो, पण रात्री डोक्यात तेच घोळायलं. "सगळे पुढारी खोटारडे" हे म्हणायला सोपंय पण मला ते पटत नाही, कारण काही आश्वासनं पुरी होतात आणि लई झपाट्यानं होतात. लाडकी बहीणचंच घ्या. जून २०२४ च्या शेवटाला जीआर निघाला आणि ऑगस्टमध्ये राखीच्या आधी दोन महिन्याचे ३००० आईच्या खात्यात. दीड पावणेदोन महिन्यात एवढ्या बायकांचे फॉर्म, आधार, बँक, सगळं झालं! मग यंत्रणेला जमत नाही असं कसं म्हणायचं? पण त्याच योजनेचे १५०० चे २१०० करू हे प्रचारात सांगितलेलं, २० नोव्हेंबरला मतदान झालं, वर्ष उलटून गेलं, आई अजून पंधराशेच मोजायली. तीच योजना, तेच खातं, तीच आई.

माझं डोकं असं चाललं की मत पडायच्या आधी जे हातात येतं ते आश्वासन नसतंच, ती उचल असते. आपल्याकडं ऊसतोडीचा मुकादम दसऱ्याच्या आधी कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या जोडीला, आगाऊ पैसे देतो तशी. आणि मत पडल्यावर देऊ म्हणलेलं जे असतं ते निस्ता वायदा. उचलीवर डोळे झाकून विश्वास ठेवा, वायद्यावर नको. बरोबरय का चूक, सांगा. आणि नुसतं मत नको, ज्याच्या त्याच्या गावचं काहीतरी सांगा.

कडबाकुट्टी

एक नंबर धागा. चहा घेऊन बसलो.

सातबारा_कोरा

माझ्या नावावरनंच कळलं असेल मी काय बोलणार ते. भाऊ, पाण्याची, रस्त्याची आश्वासनं खोटी निघाली तर आपण होतो तिथंच राहतो. कर्जमाफीचं तसं नाही, ते आश्वासनच माणसाला खड्ड्यात घालतं. कसं ते सांगतो.

आमच्या वडिलांचं पीककर्ज. इलेक्शन आलं की सगळीकडं एकच, सातबारा कोरा. मग गावात पारावर ठरतं, आता कुणी भरायचं नाही, भरलं की माफीत बसत नाही. जो भरतो त्याला लोक येड्यात काढतेत. वडिलांनी दोन साल भरलं नाही. २०१७ ची माफी आली, ३४ हजार कोटींची म्हणून गाजावाजा, दीड लाखाची मर्यादा, नवरा बायको दोघांनी सेंटरवर जाऊन अंगठा लावायचा, सर्व्हर बंद, परत या. "सरसकट", "तत्त्वतः", "निकष" हे तीन शब्द त्या साली बारक्या पोरांना पण पाठ झाले होते. मग २०१९ च्या नोव्हेंबरात दुसरं सरकार आलं, डिसेंबरात महात्मा फुले योजना, दोन लाखापर्यंत. ती खरंच बरी राबवली, मान्य करतो, याद्या लागल्या, अंगठा लावला की काम झालं. पण थकबाकी दोन लाखाच्या वर असेल तर बाहेर. आमची व्याज धरून दोन लाखाच्या जरा वर गेलेली. व्याज कशामुळं चढलं? माफी येणार म्हणून भरलं नाही म्हणून!!

आता २०२४ ला परत तेच आश्वासन. मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्रीच म्हणले ३१ मार्चच्या आत पैसे भरा. मग ऑक्टोबरात नागपूरला आंदोलन झालं तवा सांगितलं ३० जून २०२६ च्या आत निर्णय घेऊ. परत पारावर तीच चर्चा, भरायचं का थांबायचं. आणि थांबला की तुम्ही थकबाकीदार, थकबाकीदाराला बँक नवं कर्ज देत नाही, मग पेरणीला बी-खत आणायला सावकार. तिथं शेकडा तीन, कुठं पाच. हे व्याज कोणत्याच माफीत बसत नाही.

म्हणून माझं उत्तर, विश्वास ठेवायचा का हा प्रश्नच नाही, विश्वास ठेवला तर त्याचं बिल कोण भरणार हा प्रश्नय.

मांजराकाठचा

दादा हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. वायदा पण फुकट नसतो म्हणजे.

ऊसतोड_ते_आयटी

उचलीचं उदाहरण भारी दिलंय पण एक गोष्ट विसरलात. उचल फेडावी लागते. माझे आईवडील चौदा सीझन कोयत्यावर होते, मी बैलगाडीखाली झोळीत वाढलेला माणूस आहे, मला माहितीय. मुकादम उचल देतो म्हणजे उपकार करत नाही, तुमचे पुढचे पाच सहा महिने विकत घेतो. फिटली नाही तर पुढच्या साली व्याजासकट अंगावर. मग इथं फेडतं कोण? तुमच्या आईला आलेले पंधराशे कुठूनतरी आले असतील ना. २०२५-२६ च्या बजेटमध्ये त्या एका योजनेला ३६ हजार कोटी ठेवले होते. मी योजनेच्या विरोधात नाही, माझ्या मावशीची त्या पैशावर बीपीची गोळी चालू आहे, पण कॉन्ट्रॅक्टरची बिलं थकलीत, पाण्याच्या योजना अडकल्यात म्हणून बोंब चालूय ती त्याच तिजोरीतली आहे. उचल आईनं घेतली आणि कोयता दुसराच कुणीतरी चालवायलाय असं आहे हे.

मास्तरीणबाई

मावशीच्या गोळीवरून आठवलं. आमच्या शाळेसमोरच सेंटर आहे, लाडकी बहीणच्या ई-केवायसीसाठी २०२५ ला दोन महिने रांग बघत होते. वेबसाईट चालत नाही, ओटीपी येतो तेव्हा मोबाईल पोराकडं शेतात. आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागतात. एक बाई आली, नवरा वारला, वडील त्याच्या आधी वारले. सेंटरवरचा पोरगा म्हणतो, "मावशी कुणाचं तरी टाकावं लागंल." ती म्हणते, "कुणाचं टाकू, तूच सांग." रांगेतल्या बायका हसल्या, ती पण हसली, मग बाजूला जाऊन बसली. मग मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली आणि अशा बायकांसाठी वेगळी सोय करू म्हणाले.

सांगायचं हे की प्रचारात जे "सगळ्या बहिणींना" असतं ते निकालानंतर "पात्र बहिणींना" होतं. २१ ते ६५ वय, अडीच लाख उत्पन्न, हे निकष निवडणुकीच्या आधीपासूनच कागदावर होते बरं का. फक्त तेव्हा कुणी तपासले नाहीत. निवडणुकीआधी न तपासणं आणि नंतर तपासणं, दोन्ही नियमातच बसतं. यात कोणाला खोटारडं म्हणणार?

एमएच२३

कुणीतरी रेल्वेचं काढणारच, मीच काढतो. नगर बीड परळी. २६१ किलोमीटर. १९९५ ला मंजूर झाली तेव्हा खर्च साडेतीनशे कोटीच्या आसपास, आता ४८०५ कोटी. प्रत्येक लोकसभेला रेल्वे येणार. आमच्या आज्यानं रेल्वे येणार म्हणून एकदा मत दिलं, वडिलांनी चारदा दिलं, मी पण दिलं. २०२२ ला आष्टीपर्यंत आली. आणि २०२५ ला १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, बीडला आली! मी गेलतो बघायला. स्टेशनवर मरणाची गर्दी, म्हातारी माणसं डब्याला हात लावून बघायली. एक जण रुळावरचा खडा उचलून खिशात टाकत होता. मी हसलो त्याला आणि मग मीच गुपचूप एक उचलला, टेबलावर आहे आत्ता.

मग सांगा, हे आश्वासन पाळलं का मोडलं? आज्या जाऊन अठरा वर्षं झाली. परळीपर्यंतचं काम अजून बाकीय.

हुरडापार्टी

@एमएच२३ पण पळते कशी ते पण सांगा 😄 रस्त्यानं गेलेला माणूस जेवण करून झोपतो तवर ही येते

एमएच२३

हळू का होईना आमची आहे. ३० वर्ष थांबलो, अजून एक तास थांबू.

वकीलसाहेब_जालना

कायद्याचं थोडं सांगतो, कारण "यांच्यावर फसवणुकीची केस का करत नाही" हा प्रश्न दर पाच वर्षांनी मला येतोच.

जाहीरनाम्यातलं आश्वासन पाळलं नाही म्हणून कोर्टात जाऊन ते वसूल करता येत नाही. तामिळनाडूत २००६ ला फुकट कलर टीव्ही आणि २०११ ला मिक्सर, ग्राइंडर, पंखे यांची आश्वासनं दिली होती, त्यावरनं सुब्रमण्यम बालाजी म्हणून केस सुप्रीम कोर्टात गेली. जुलै २०१३ चा निकाल. कोर्ट म्हणालं, जाहीरनाम्यातली आश्वासनं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरणात बसत नाहीत. पण फुकटच्या गोष्टींनी निवडणुकीचा पाया हलतो हे कोर्टानं मान्य केलं आणि आयोगाला सांगितलं, नियम करा. त्यावरनं २०१४ ला आचारसंहितेत जाहीरनाम्याचा वेगळा भाग आला. त्यात काय? तर आश्वासनामागचं कारण द्या, पैसा ढोबळमानानं कुठून आणणार ते सांगा, आणि पुरी करता येतील अशीच आश्वासनं द्या. वाचायला झकास. पण आचारसंहितेला कायद्याचा दात नाही, आणि "ढोबळमानानं" या शब्दात तर अख्खा महाराष्ट्र बसतो.

दीड_एकर

वकीलसाहेब मग बाँडचं काय? आमच्या गावात मागच्या ग्रामपंचायतीला एका उमेदवारानं १०० च्या बाँडवर लिहून दिलतं, वार्डात बोअर, मारुतीच्या देवळापुढं पेवर ब्लॉक आणि स्मशानभूमीला शेड. खाली सही, साक्षीदार दोन. आमच्या चुलत्यानं तो बाँड लॅमिनेशन करून ठेवला. माणूस निवडून आला. पेवर ब्लॉक बसले, कारण त्याच्याच मेव्हण्याचा कारखाना. बोअर अन् शेड नाही. चुलता बाँड घेऊन गेला तर म्हणला कसा, "काका, ह्यात तारीख कुठंय? मी कधी नाही म्हणलो का?" चुलता परत येऊन चष्मा लावून सगळा बाँड वाचला, खरंच तारीख नव्हती.

वकीलसाहेब_जालना

मताच्या बदल्यात काही देण्याचा करार म्हणून तो बाँड कोर्टात उभाच राहणार नाही, उलट चुलत्यालाच विचारतील. आणि पुढच्या वेळी १०० चा घेऊ नका, ऑक्टोबर २०२४ पासनं ५०० चा लागतो. महागाई आश्वासनांना पण.

दीड_एकर

😂😂 आणि सोयाबीन राहिलंच की. मागच्या विधानसभेला एक बाजू म्हणली ६००० देऊ, दुसरी म्हणली ७००० देऊ. लिलाव चालू असल्यासारखं, फरक एवढाच की बोली लावणाऱ्याला माल घ्यायचा नव्हता. २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ होता. आडतीवर मी चार हजाराच्या आत बाहेर विकलं, त्यात सप्टेंबरच्या पावसानं अर्धं काळं पडलेलं, आडत्या मुठीत घेऊन हुंगतो आणि असं तोंड करतो की जणू आपणच मुद्दाम भिजवलं. खरेदी केंद्रावर नंबर लावा म्हणतेत, पण काढणीचे पैसे, मजुरी, दुकानदाराची उधारी दिवाळीच्या आधी मागतेत सगळे. तिथवर कोण थांबणार.

जय_हो_८५

चालू झालं का. सगळे धागे फिरून फिरून सत्ताधाऱ्यांवरच येतात. तुमच्या लाडक्या आघाडीनं महिन्याला ३००० सांगितले होते ते कुठून देणार होते?

मांजराकाठचा

दादा बरोबर प्रश्न आहे, तो पण धाग्याचाच भाग आहे. ३००० वाले निवडून आले असते तर आज आपण त्यांच्यावर हाच धागा काढला असता, शीर्षक पण बदलायची गरज नव्हती. हरलेल्याचं आश्वासन कायम तरुण राहतं, त्याची परीक्षाच होत नाही. पण प्लीज इथं आपला पक्ष त्यांचा पक्ष नको, त्यासाठी दुसरे दहा धागे आहेत.

पैठणगेट

"भाषणावर नको, जीआर निघाला, बजेटमध्ये पैसा पडला, टेंडर झालं, की मग विश्वास ठेवा" असं शहाणे लोक सांगतात. मी पण तेच सांगायचो. मग संभाजीनगरचं पाणी बघा. जायकवाडी आमच्यापासून पन्नास साठ किलोमीटर. १९६५ ला शास्त्रीजींनी पायाभरणी केलेलं धरण, भरलं की शंभर टीएमसीच्या वर. आणि शहरात पाणी पाच दिवसाआड, सात दिवसाआड, उन्हाळ्यात त्याच्या पण पुढं. आधी समांतर जलवाहिनी, तिच्यावर किती निवडणुका झाल्या मोजायचं सोडून दिलं. ती बारगळली. मग १६८० कोटींची नवी योजना, डिसेंबर २०२० ला भूमिपूजन. सरकार बदललं, परत बदललं, योजना २७४० कोटींवर गेली. जीआर होता, पैसा होता, टेंडर होतं, नारळ फुटला होता, हायकोर्ट सुद्धा मागं लागलेलं होतं. तरी २०२५ संपत आलं तेव्हा पण योजना पुरी नव्हती. अडीच मीटर व्यासाचा पाइप रस्त्याच्या कडेला पडलेला असायचा, त्यात पोरं क्रिकेट बघत बसायची मोबाईलवर, सावली म्हणून.

तर कागदाची टेस्ट पण पुरी नाही भाऊ. कागद म्हणजे "होऊ शकतं" एवढंच. ड्रमात पाणी पडल्याचा आवाज आला की मी विश्वास ठेवणार.

लातूरकर_२४

ड्रमावरनं आठवलं. एप्रिल २०१६, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे. पहिली खेप पाच लाख लिटरची. मी तवा अकरावीला होतो, ट्यूशन सोडून गेलतो बघायला. मांजरा धरण कोरडं ठाक. त्या टायमाला येईल तो पुढारी सांगायचा, उजनी धरणाचं पाणी लातूरला आणू. त्याच्यानंतर जितकी इलेक्शनं झाली तितक्यात उजनी आहेच, वर मराठवाडा वॉटर ग्रिड, अकरा धरणं जोडणार. अजून ग्रिडचं पाणी काय प्यायलो नाही. पण एक गोष्ट मजेशीर, ती रेल्वे मात्र कुणाच्या जाहीरनाम्यात नव्हती! संकट आलं, पंधरा दिवसात पाइप, टाक्या, वाघिणी, सगळं जमवलं. म्हणजे न दिलेलं आश्वासन पाळलं गेलं आणि दिलेलं राहिलं. धरण भरलं की उजनीची फाईल बंद, धरण आटलं की उघडली. पाऊस चांगला झाला की आपणच विचारत नाही ना राव.

लातूरच्या रेल्वे कोच फॅक्टरीचं पण सांगतो, २०१८ ला पायाभरणी, डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा तयार. इमारत खरी आहे, जाऊन बघा. आमच्या बॅचमधल्या किती पोरांना तिथं नोकरी लागली? मला तरी एक पण माहिती नाही. आश्वासन कारखान्याचं होतं का नोकरीचं, हे भाषण ऐकताना नीट ऐकायला पायजे होतं.

गोदाकाठ_नांदेड

सगळे लई शिकल्यासारखं बोलूलालेत पण खरं बोलतो राग मानू नका. आपण आश्वासनावर मत देतच नाही. जाहीरनामा कुणी वाचलाय इथं? हात वर करा. आपण मत देतो जातीवर, भावकीवर, आणि मयतीला कोण आलतं त्यावर. आमच्या इथले एक जण, नाव नाही घेत, तीन टर्म निवडून आले. सभागृहात तोंड उघडलेलं मी तरी ऐकलं नाही. पण सर्कलमध्ये कुणी गेलं की माणूस राखेला हजर. माझे वडील गेले तवा पहाटे साडेपाचला आले, मातीत बसले, चहा पण नाही घेतला. त्यांनी मला कधी काय देतो म्हणलं नाही आणि मी कधी काय मागितलं नाही. रस्त्याचं म्हणाल तर अजून खड्डेच. पण मत मी त्यांनाच देतो, आणि मला फसल्यासारखं वाटत नाही. आता ह्याला मूर्खपणा म्हणा का काय म्हणा.

ऊसतोड_ते_आयटी

मूर्खपणा नाही म्हणणार. पण त्याच खड्ड्यामुळं ॲम्ब्युलन्स उशिरा आली तर मयतीला येणारा माणूस लागतोच की मग.

गोदाकाठ_नांदेड

... हे बोलणं लागलं भाऊ. काय उत्तर देऊ.

मास्तरीणबाई

मी वाचला होता जाहीरनामा, दोन्ही बाजूंचे. हात वर. आमच्या स्टाफरूममध्ये मी एकटीच. बाकीच्यांनी विचारलं, "पेन्शनचं काय लिहिलंय तेवढं सांगा."

कडबाकुट्टी

चहाचे तीन कप झाले. माझं गावचं सांगतो आणि झोपतो. आमच्या शिवारातली डीपी, म्हणजे लाईटचा ट्रान्सफॉर्मर, जळली, गहू ओंबीत आलेला. साहेबाकडं गेलं की "नंबर लागलाय". नेहमीसारखी वर्गणी काढली, ट्रॅक्टर काढला, तरी डीपी मिळंना. तेवढ्यात इलेक्शन लागलं. एक जण आला, म्हणला निकालानंतर तिसऱ्या दिवशी डीपी. दुसरा आला, काही बोलला नाही, फोन लावला, त्याच रात्री अकरा वाजता ६३ ची डीपी पिकअपमधनं उतरली. वायरमन टॉर्च तोंडात धरून जोडत होता, आम्ही बांधावर उभं. मोटारी चालू झाल्या, गव्हाला पाणी बसलं. सगळ्या गावानं दुसऱ्याला मत टाकलं, मी पण. निकालानंतर आठ दिवसांनी कळलं ती डीपी शेजारच्या गावची, त्यांच्या वाट्याची आलेली, तिकडं त्याला मतं मिळणार नव्हती. त्यांचा हरभरा वाळला. माझी बहीण त्याच गावात दिलीय.

उचल का वायदा ते तुम्ही ठरवा. मला दाजींनी दिवाळीला विचारलं, तुमचा गहू कसा झाला, तवा मी म्हणलो बरा झाला. एकरी चौदा क्विंटल झालता.

सातबारा_कोरा

🙏

पैठणगेट

ह्याच्यावर लिहायला काही सुचेना.

हुरडापार्टी

@मांजराकाठचा ते म्हाताऱ्याचं अर्धवट राहिलं. तिसरी रिक्षा आली का नाही? तिच्यात काय होतं?

मांजराकाठचा

आली होती. पण तिची बॅटरी उतरलेली, भोंगा बंद, पोरं ढकलायली होती. चढ होता म्हणून मी पण हात लावला. कुणाचं पोस्टर होतं ते मागच्या बाजूनं दिसलं नाही.